माळ घातली, पुढं काय?

  

दारूनं घराचं काय होतं हे आज सांगत बसणार नाही. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. गटाच्या बैठकीत एखादीचा हप्ता सलग दोनदा थकला की कुणी कारण विचारत नाही, नुसत्या एकमेकींकडं बघतात. दुकान बंद कसं करायचं तेही पुष्कळ गावांना ठाऊक झालंय. बायकांनी सह्या करून मागणी करायची, गुप्त मतदान व्हायचं, आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान जातं. चांगली गोष्ट आहे. पण दुकान गेलं तरी पिणारा माणूस गावातच राहतो, आणि शेजारच्या गावचं दुकान मोटारसायकलवर दहा मिनिटांवर असतं.

तेव्हा आज बोलायचंय ते ज्यानं दारू सोडलीय, किंवा सोडायची म्हणतोय, त्या माणसाबद्दल. आपल्या गावातलं देऊळ, भजनी मंडळ, बुद्ध विहार, मशीद, चर्च यांनी त्याला कसं धरून ठेवायचं, आणि ते त्यांच्याकडून करून घेण्यात आपल्या गटांचा वाटा काय, एवढंच.

आपल्या भागात दारू सोडायची म्हटली की आधी आठवते ती माळ. डॉक्टर नंतर. सप्ताह उठायच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाच्या वेळी पाच-दहा माणसं पुढं येतात. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, तिथून उचलून महाराज गळ्यात घालतात. आजपासून दारू नाही, मटण नाही, एकादशी धरायची, वर्षाला वारी करायची. मंडपात टाळ्या पडतात. घरची बाई मागं बायकांत बसलेली असते, ती पदरानं डोळे पुसते.

याला हसणारी शिकलेली माणसं आम्ही बघितली आहेत. आम्ही त्यांच्यातल्या नाही. माळेत ताकद आहे, आणि ती कुठून येते ते नीट बघण्यासारखं आहे. सोडणाऱ्याला सगळ्यात जड काय जातं? मित्राला नाही म्हणणं. एकदा नाही म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा मित्र म्हणतो, "बायकोला भ्यायला गडी." मग हा ग्लास उचलतो. पण गळ्यात माळ असली की तोच मित्र हात मागं घेतो, कारण माळकऱ्याला पाजण्याचं पाप त्यालाही नको असतं. जो नकार या माणसाला तोंडानं देता येत नाही तो माळ देते. घरातल्या जेवणाचं बघा. मटण बंद झालं की मटणाबरोबरची बैठक आपोआप बंद होते. एकादशी आली की महिन्यातून दोन दिवस तरी तो देवळाकडं वळतो.

पण माळ एका दिवसात घालून होते आणि दारू एका दिवसात सुटत नाही. सप्ताहाचा मंडप सुटतो, महाराज गाडीत बसून पुढच्या गावाला जातात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला हा माणूस एकटा असतो.

त्याआधी एक जिवाची गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपल्या गावांत कुणी सांगत नाही. जो माणूस रोज भरपूर पितो, ज्याला सकाळी उठल्या उठल्या हाताची थरथर थांबायला घोटभर लागते, त्यानं एकदम बंद केली तर शरीर सहन करत नाही. पहिल्याच दिवशी घाम, थरथर, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, अंग तापतं, माणूस अंथरूण सोडून पळतो. गावात लगेच म्हणतात, बाहेरचं लागलं. नाहीतर म्हणतात, माळ सोसली नाही, देवाचा कोप झाला. अंगारा लावतात, खोलीत कोंडतात. सख्यांनो, हे बाहेरचं नाही आणि देवाचा कोपही नाही. दारूवर चालायला शिकलेलं डोकं दारू एकदम बंद झाल्यामुळं बिथरलेलं असतं. यात उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. दवाखान्यात त्यावर औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि बहुतेक माणसं काही दिवसांत सावरतात.

म्हणून आमचं म्हणणं असं की माळ घालण्याआधी महाराजांनी किंवा मंडळाच्या वडीलधाऱ्यानं दोन प्रश्न विचारावेत. रोज किती पितोस? सकाळी लागते का? लागत असेल तर आधी ग्रामीण रुग्णालय नाहीतर जिल्हा रुग्णालय, मग माळ. माळ आठ दिवस थांबली म्हणून देव रागावत नाही. आणि हे महाराजांनीच सांगायला हवं, कारण हा माणूस आशाताईचं ऐकत नाही, बायकोचं तर नाहीच नाही, पण महाराजांचं ऐकतो. दिंडीचंही तसंच. वीस दिवस गावच्या संगतीपासून लांब, विठ्ठलाचं नाव, पायी चालणं, याचा चांगला उपयोग झालेली माणसं आहेत. पण काल रात्रीपर्यंत पिणाऱ्याला आज दिंडीत घालून द्यायचं नाही. वाटेत चालता चालता त्याला फिट आली तर दिंडीतले लोक तरी काय करणार?

याला लागूनच एक. नवऱ्याला कळू न देता भाजीत कालवायची पुडी बाजारात मिळते. 'सात दिवसांत दारू बंद' अशी पत्रकं एसटी स्टँडवर चिकटवलेली असतात. काही ठिकाणी तर देवस्थानाचा अंगारा म्हणूनही पुडी देतात. तिच्यात काय आहे हे कुणाला माहीत नसतं. दारूशी न जुळणारं एक औषध डॉक्टर देतात, पण ते त्या माणसाला सांगून, त्याची तब्येत बघून. ते नकळत पोटात गेलं आणि वर दारू पडली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, माणूस दगावूही शकतो. गटाचं कर्ज काढून असल्या पुड्या घेतलेल्या बायका आम्हाला माहीत आहेत. कर्ज काढायचंच असेल तर दवाखान्याच्या भाड्यासाठी काढा.

आता त्या साडेसहाच्या वेळेकडं येऊ.

दारूला वेळ असते. कामावरून सुटलं, हातात मजुरी पडली, दिवे लागले, पाय तिकडं वळतात. सोडलेल्या माणसाला दिवस जातो, रात्रही जाते, ही मधली दोन-अडीच घरघर लागल्यासारखी असते. आणि आपल्या गावांत हरिपाठाची वेळ नेमकी हीच आहे. जुन्या माणसांनी हे ठरवून केलं असेल की नाही, आम्ही सांगू शकत नाही, पण दिवेलागणीला देवळात टाळ वाजू लागावेत याच्यासारखी सोय या माणसासाठी दुसरी नाही. फुकट आहे. रोज आहे. शंभर रुपयांचं पेट्रोल जाळून तालुक्याला जावं लागत नाही.

फक्त हरिपाठ रोज व्हायला हवा. पुष्कळ गावांत तो सप्ताहापुरता उरलाय, नाहीतर चार म्हातारी माणसं तेवढी बसतात. आमच्या एका गावच्या ग्रामसंघानं मंडळाला विनंती केली की आठवड्यातले सात दिवस, पंधरा मिनिटं का होईना, पण त्या वेळेला देऊळ उघडं राहू द्या. चहाची साखर-पत्ती गट देईल. आता गोड चहाचं बोलतो आहोत तर ऐकून ठेवा, दारू सोडलेल्याला गोड खावंसं वाटतं. खाऊ द्या. शुगर असेल तर मात्र जपून.

आणि नुसतं येऊन बसणं पुरत नाही. बसलेल्या माणसाच्या मनात सतत एकच असतं की सगळे आपल्याकडं बघतायत. त्याच्या हाताला काम द्यायला हवं. सप्ताहात पहारा असतो ना, त्याच्यासारखी सुंदर रीत आम्हाला दुसरी दिसत नाही. सात दिवस, दिवस-रात्र, वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या हातून दुसऱ्यानं घ्यायची. पाळीचे लोक ठरलेले, वेळ ठरलेली. रात्री दोन ते चारची पाळी असली की त्या माणसाला माहीत असतं, आपण गेलो नाही तर आधीचा तिथंच ताटकळत उभा राहील. ज्याला घरी, दारी, कामावर कुणी काही भरवशानं सोपवत नाही, त्याची कुणीतरी वाट बघतंय, हे त्याला वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा वाटतं. काकड्याला समई लावणं, सतरंज्या घालणं, पंगतीत पाणी वाढणं, काहीही चालेल. फक्त पैशाचं काम इतक्यात देऊ नये. वर्गणीची पेटी पहिल्याच महिन्यात हातात दिली तर त्याच्यावर उपकार होत नाहीत, त्याला मोहात पाडलं जातं.

आता अवघड भाग. तो पुन्हा प्याला तर?

हे होतं. खूपदा होतं. पुण्याचं मुक्तांगण तुम्ही ऐकलं असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं. तिथं आणि अशाच चांगल्या केंद्रांत पुन्हा पिण्याकडं गुन्हा म्हणून बघत नाहीत, आजार उलटला असं धरतात. परत ये, कुठं घसरलास ते बघू, म्हणतात. दम्याच्या माणसाला पुन्हा धाप लागली तर आपण त्याला हाकलून देत नाही, तसंच. पण भजनी मंडळात गोष्ट वेगळी पडते. तिथं आजार नाही, शपथ मोडलेली असते. गळ्यात माळ असताना प्याला, म्हणजे देवाचा अपमान केला. माळ काढून घेतात. माणूस त्या देवळापुढून जाताना मान खाली घालतो आणि थेट दुकानात जातो, कारण आता त्याला अडवणारं काही उरलेलं नसतं. बारा वर्षांची सवय घेऊन चार महिने टिकलेला माणूस एका रात्रीत चाळीस लोकांतून उठतो.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी हेच झालं. यजमानांनी चैत्रातल्या सप्ताहात माळ घातली होती. दवाखानाही झाला होता. चार महिने घर पुन्हा घरासारखं चाललं. पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून आल्यावर कुणीतरी दिली. दुसऱ्या दिवशी हे स्वतःच देवळात गेले आणि सांगून टाकलं. मंडळानं माळ उतरवली आणि पुन्हा यायचं नाही असं सांगितलं. त्यानंतर सतरा दिवस ते शुद्धीत नव्हते.

ताई बैठकीत एवढंच म्हणाल्या, "ते खोटं बोलले असते तर आज माळ गळ्यात असती."

आम्ही पाच जणी मंडळाच्या अण्णांकडं गेलो. अण्णा पंचाहत्तरीचे, चाळीसेक वाऱ्या झालेल्या, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरींनो, तुमचं दुःख मला कळतं. पण माळ म्हणजे काय दोरा आहे का? आज याला घेतला तर उद्या दहा जण म्हणतील, पिऊ की, परत घालू माळ. मग राहिलं काय माळेत?"

हे खरं होतं. आम्हाला वाटतं, अण्णांसारख्या माणसांशी बोलताना हे आधी मान्य करायला हवं. माळेला किंमत आहे म्हणून तर ती मित्राचा हात थांबवते. ती किंमत आपणच उतरवली तर पुढच्या माणसाच्या गळ्यात नुसते मणी उरतील. दयेच्या नावाखाली नियम गुंडाळून ठेवा असं मंडळाला सांगायला आम्ही गेलो नव्हतो.

आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अण्णा, माळ नका घालू. टाळ तरी द्या."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पिऊन आला तर?" मावशी म्हणाल्या, "पिऊन आला तर घरी पाठवा. दुसऱ्या दिवशी न पिता आला तर बसू द्या." त्यावर चर्चा झाली, थोडी वादावादीही झाली. अण्णांच्या मुलानं तर स्पष्ट सांगितलं की बायकांनी मंडळाच्या कारभारात पडू नये. शेवटी ठरलं ते असं. माळ नाही. महाराजांच्या शेजारी उभं राहायचं नाही, वीणा नाही. पण हरिपाठाला यायचं, मागच्या ओळीत टाळ घ्यायचा, आणि वास आला तर त्या दिवसापुरतं परत जायचं, कुणी काही बोलणार नाही. पुढच्या आषाढीला माळेचा विचार करू.

आम्हाला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला, आणि तो अण्णांचा होता, आमचा नव्हे. कारण त्यात शपथ आणि संगत या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. शपथेची पायरी उंच राहू द्यावी. संगतीला मात्र उंबरा नको. माळेसाठी सोडावी लागते, पण सोडण्यासाठी संगत लागते, आणि ती नेमकी पडलेल्या माणसाला हवी असते. आपल्या भागात या दोन्ही एकाच गाठीनं बांधल्या आहेत, त्यामुळं एक तुटली की दुसरी जाते.

आणि ही काही आधुनिक कल्पना नाही. गाडगेबाबा १९५६ साली गेले. तोवर त्यांची कीर्तनं ऐकलेली माणसं आपल्या आजोबांच्या पिढीत होती. बाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे, आणि दारू, कर्ज, नवसाचा बोकड यांच्यावर लोकांना प्रश्न विचारत विचारत बोलायचे. समोर पिणारे, कर्जबाजारी लोकच बसलेले असायचे, त्यांच्यासाठीच तर ते कीर्तन होतं. विदर्भात तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना सुरू केली, तिथंही सगळ्यांनी एकत्र बसायचं. एखाद्या मंडळात अडलं तर ही नावं घेऊन बोला. आपल्या गावांत त्यांचं वजन आहे.

इतर ठिकाणचंही थोडं सांगायला हवं. बुद्ध विहारात पंचशील म्हणतात, त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. दर आठवड्याच्या वंदनेला ते सगळ्यांबरोबर पुन्हा म्हणायचं असतं. आम्हाला यात एक मोठी सोय दिसते. काल शील मोडलं असलं तरी आज सगळ्यांच्या ओळीत बसून ते पुन्हा घेता येतं, वेगळं उठून उभं राहावं लागत नाही. मुस्लिम मोहल्ल्यात अडचण उलटी आहे. दारू निषिद्धच, त्यामुळं आपल्यात पिणारा आहे हे कबूल करायलाच कुणी तयार नसतं. घरच्या बायका दवाखान्यात जातात त्याही दुसऱ्या तालुक्याच्या. तिथं जुम्म्याच्या नमाजनंतर मौलानांनी 'हा आजार आहे, लपवू नका' एवढं म्हटलं तरी पुष्कळ दारं उघडतील. आमच्या फेडरेशनमधल्या दोन-तीन आपा त्या प्रयत्नात आहेत.

चर्चची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, लोक नुसतं ए.ए. म्हणतात, ही दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची संघटना. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत ती सुरू केली. आज महाराष्ट्रात कितीतरी शहरांत, तालुक्यांत त्यांच्या सभा मराठीत चालतात. फी नाही, नाव लिहून घेत नाहीत. देव मानतात, पण कुठला ते ज्याचं त्यानं ठरवायचं. या सभा पुष्कळ ठिकाणी चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात. चर्च तिथं उपदेश करत नाही, फक्त आठवड्यातून एक-दोन संध्याकाळ खोली देतं. आपल्या गावच्या सभामंडपाला, विहाराला, समाजमंदिराला हे जमणार नाही का? एक खोली, एक दिवा, प्यायचं पाणी. बाकी ते लोक आपापलं करतात. पिणाऱ्याची लाज पिणाऱ्यापुढं कमी होते, हे आपल्याला पटकन समजत नाही, पण ते तसं आहे.

आता आपल्याबद्दल. माळ घातल्यावर मंडळाची माणसं घरच्या बाईला एक वाक्य हमखास ऐकवतात, "आता त्यानं सोडलीय, तू जुनं काढू नको." अर्धं बरोबर आहे. उठता बसता जुनं काढलं की माणूस कंटाळतो. पण त्या बाईनं पंधरा वर्षं जे सोसलं ते काल्याच्या कीर्तनानं धुऊन जात नाही. तिला झोप लागायलाच सहा महिने जातात, कारण गेट वाजलं की तिचं अंग ताठ होतं. तिलाही बसायला जागा हवी. मुक्तांगणमध्ये पेशंटच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो, ए.ए.च्या जोडीनं घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. आपल्याकडं महिला भजनी मंडळ आहे, गट आहे. भजन झाल्यावर अशा दोघी-तिघींनी अर्धा तास मागं थांबायचं, एवढ्यानं सुरुवात होते.

आणि मार खात बसायचं नाही. सोडतोय म्हणून, माळकरी आहे म्हणून, मंडळाची अब्रू जाईल म्हणून, कशासाठीच नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा माळ घातलेल्या नवऱ्यालाही लागू आहे. अडचणीत ११२ फिरवा. कुठल्याही धर्माच्या वडीलधाऱ्यानं बाईला 'सोस' म्हणून परत पाठवलं तर त्यात धर्म नाही, हे आम्ही त्यांच्या तोंडावर सांगतो आणि सांगत राहू.

बायकांच्या व्यसनावरही बोलायला हवं, पण ते एका वेगळ्या दिवशी. मिश्री तर आपल्या निम्म्या बैठकीत डबीसकट फिरते. दारू पिणाऱ्या बायकाही आहेत, त्यांना तर कुणी माळही घालत नाही, पार घराबाहेर काढतात. मुक्तांगणचा बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे, हे फक्त आज लक्षात ठेवा.

मंडळाशी बोलायला जाल तेव्हा हातात कॅलेंडर घेऊन जा. हे आम्ही गमतीनं सांगत नाही. सोडलेला माणूस कधी घसरतो ते गावाला आधीच माहीत असतं. गटारी, पोळा, गावची जत्रा, धुळवड, लग्नाची वरात, एकतीस डिसेंबर, ग्रामपंचायतीची निवडणूक. ऊसतोडीची उचल हातात येते तो दिवस. या दिवसांना आधी खूण करायची आणि त्या संध्याकाळी मंडळानं काहीतरी लावायचं. गटारीला भजन, पोळ्याला बैल मिरवल्यावर देवळात जेवण. आणि एका माणसानं त्या घरी जाऊन त्याला बोलावून आणायचं, फोन नाही, स्वतः जाऊन. देवाच्या नावानं भरणाऱ्या जत्रेत देवळाच्या मागंच दारूचे गुत्ते लागतात, त्याबद्दल देवस्थान समितीला ग्रामसभेत लेखी विचारा. गणपतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्या पोरांना वर्गणी द्यायची की नाही, हे तर आपल्याच हातात आहे.

नंबर लिहून घ्या. पेन नसेल तर कोळशानं भिंतीवर लिहा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत मदत, १४४४६. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलि-मानस, १४४१६, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. तो फोन पिणाऱ्यानंच करायला हवा असं नाही. बायकोनं केला, आईनं केला, मुलीनं केला तरी चालतं.

त्या ताईंच्या यजमानांचं विचाराल म्हणून सांगतो. पोळ्यानंतर आता आठ महिने होत आले. मधे एकदा, दिवाळीत, ते वास घेऊन आले होते. अण्णांनी हातानं खूण केली, ते परत गेले, दुसऱ्या दिवशी आले. कुणी काही बोललं नाही, ठरल्याप्रमाणं. त्यानंतर खंड नाही. मागच्या ओळीत उभे असतात. शेजारी उभा राहणारा एक जण पहिले दोन महिने मधे हातभर जागा सोडायचा, आता सोडत नाही. गटाचे तीन थकलेले हप्ते फिटले, चौथा चालू आहे. आषाढीला माळेचं काय, ते अजून अण्णांनी सांगितलेलं नाही, आणि यांनीही विचारलेलं नाही.